पुरात भिजलेल्या व्हिडिओ कॅसेट कशा वाचवायच्या

पूर ओसरला की सांगलीच्या गल्लीगल्लीत घरातलं सगळं सामान दारात येतं. गाद्या, कपाटाचे खण, मुलांची पुस्तकं, आणि कुठेतरी एका घमेल्यात चिखलाने माखलेल्या काळ्या व्हिडिओ कॅसेट. दोन दिवस त्या उन्हात पडून राहतात. तिसऱ्या दिवशी घरातलंच कुणीतरी म्हणतं, "काय उरलंय आता त्यात," आणि महापालिकेच्या ट्रॅक्टरमध्ये त्या जातात.

हा लेख त्या पहिल्या दोन दिवसांसाठी आहे. घमेल्यातल्या बहुतेक कॅसेटमधलं चित्र तेव्हा शाबूत असतं. टेप म्हणजे पॉलिस्टरची पातळ पट्टी आणि तिच्यावर चुंबकीय लेप. चित्र त्या चुंबकत्वात असतं आणि पाण्याने चुंबकत्व पुसलं जात नाही. टेपचा घात होतो तो गाळाने, बुरशीने, उष्णतेने आणि "लागतेय का बघू" म्हणून व्हीसीआरमध्ये घालण्याने. यातलं शेवटचं पूर्णपणे आपल्या हातात असतं.

मी बरीच वर्षं लग्नाचं शूटिंग केलं. २००५ च्या पुरात आमच्या गावभागातल्या घरात पाणी आलं, तेव्हा वडिलांच्या निवृत्तीच्या समारंभाची कॅसेट भिजली. मी ती दोन दिवस गच्चीवर उन्हात ठेवली. वरून कोरडी ठणठणीत झाली होती. व्हीसीआरमध्ये घातली, प्ले दाबलं, दोन-तीन सेकंद वडील हार घालून उभे असलेले दिसले आणि चित्र थरथरून गेलं. आत टेप ड्रमला, म्हणजे यंत्रातल्या टेप वाचणाऱ्या फिरत्या नळकांड्याला, चिकटली होती. ओढून काढली तर हातभर टेप चुरगळलेली निघाली आणि तिच्यावरचा लेप ड्रमला लागून राहिला होता. वडील तोवर गेलेले होते. त्यांचं भाषण त्याच हातभर टेपवर सुरू होत होतं. पुढे २०१९ आणि २०२१ मध्ये मी स्वतःच्या आणि ओळखीच्यांच्या कॅसेट खाली सांगतोय त्या पद्धतीने साफ केल्या आणि त्यातल्या बहुतेक लागल्या.

पहिला नियम: ओलं ते ओलंच ठेवा

ऐकायला उलटं वाटेल, पण वाचवण्याची सुरुवात इथे होते. कृष्णेच्या पुराचा गाळ बारीक असतो, पिठासारखा. तो कॅसेटच्या आत शिरतो आणि वाळला की टेपच्या वेढ्यांमध्ये सिमेंटसारखा बसतो. ओला आहे तोवर मात्र नुसत्या पाण्याने सुटतो. म्हणून कॅसेट सापडली की ती उन्हात ठेवू नका. स्वच्छ, थंड पाण्याच्या बादलीत बुडवून सावलीत ठेवा.

२०१९ मध्ये सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं होतं. तिथे धोक्याची पातळी ४५ फुटांची आहे. कित्येक घरं आठवडाभर पाण्यात होती. तेव्हा "आठ दिवस बुडालेली कॅसेट काय वाचणार" असं मनात आणू नका. पुरात आठ दिवस बुडालेली कॅसेट एक दिवस उन्हात तापलेल्या कॅसेटपेक्षा पुष्कळ बरी असते. बादलीत ठेवल्यावर मात्र पाणी रोज बदला आणि दोन-तीन दिवसांत पुढचं काम हाती घ्या. महिनाभर बुडवून ठेवायचं लोणचं नव्हे ते.

सापडल्या तेव्हाच पूर्ण वाळलेल्या असतील, तर त्या पुन्हा भिजवायच्या की नाही हे खिडकीतून बघून ठरवा. आतल्या रिळाच्या कडेवर मातकट रेघ दिसत असेल तर गाळ आत गेलाय, भिजवून धुवावीच लागेल. कड काळी, चकचकीत, एकसारखी असेल तर फक्त कोरडी सफाई, म्हणजे कापडाने टेप टिपणं, पुरते.

फ्रीजरमध्ये ठेवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. भिजलेली कागदपत्रं गोठवून वाचवतात हे खरं आहे, टेपला ते चालत नाही. हेअर ड्रायर, गॅसजवळची ऊब, तांदळाचा डबा हेही नको. तांदळाची भुकटी टेपला लागली की ती काढणं हे आणखी एक काम होऊन बसतं.

काय आधी, काय नंतर

घरात तीस-चाळीस कॅसेट असतात आणि सगळ्या एका दिवसात होत नाहीत. म्हणून आधी निवड करा, आणि ती करताना एक गोष्ट विचारात घ्या: हिची दुसरी प्रत कुठे आहे का?

लग्नाच्या कॅसेटची बहुधा असते. आपल्याकडे शूटिंगच्या दोन प्रती निघायच्या, एक मुलाकडे आणि एक मुलीकडे. ताईच्या लग्नाची कॅसेट आपल्याकडे बुडाली असेल तर तिच्या सासरी कराडला किंवा इस्लामपूरला कपाटात कोरडी पडलेली असण्याची शक्यता मोठी आहे. आधी एक फोन करा. बारसं, मुंज, साठीशांत यांचंही तेच. कुणा मामा-मावशीने प्रत करून नेलेली असते.

जिची प्रत कुठेच नाही ती सगळ्यात आधी घ्या. आजीने जात्यावरच्या ओव्या म्हटलेली, शेतावर सहज काढलेली, गल्लीतल्या गणपतीची. सांगलीत आणखी एक प्रकार हमखास सापडतो: हौशी नाटकांच्या कॅसेट. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये इथे 'सीता स्वयंवर' केलं तेव्हापासून हे गाव नाटकवेडं आहे. ऑफिसच्या, बँकेच्या, कॉलेजच्या नाटकांचं चित्रण कुणा एका कलाकाराच्या घरातल्या एकाच कॅसेटवर उरलेलं असतं. ती गेली की तो प्रयोग गेला.

कॅसेटचा प्रकार बघून क्रम लावायचा तर कॅमेऱ्यातल्या छोट्या कॅसेट, म्हणजे मिनी डीव्ही आणि हाय-एट, आधी घ्या. मिनी डीव्हीची टेप जेमतेम ६.३५ मिलिमीटर रुंद आणि फार पातळ असते. तिच्यावर आणि हाय-एटच्या काही टेपांवर धातूचा थर असतो, तो पाण्याने गंजतो. नेहमीच्या मोठ्या, म्हणजे व्हीएचएस कॅसेटची टेप १२.७ मिलिमीटर रुंद आणि दणकट असते. ती थोडी थांबू शकते.

लागणारं सामान

रबरी हातमोजे आणि मास्क. पुराच्या पाण्यात गटाराचं पाणी मिसळलेलं असतं आणि लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिसच्या) तापाचा धोका असतो. हाताला जखम असेल तर हे काम दुसऱ्याला द्या.

डिस्टिल्ड वॉटर. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतो तेच, बॅटरीच्या दुकानात पाच लिटरच्या कॅनमध्ये मिळतं. दुकानदाराला "बॅटरीचं पाणी, ॲसिड नको" असं स्पष्ट सांगा. नळाच्या किंवा बोअरच्या पाण्यात क्षार असतात आणि वाळल्यावर ते टेपवर पांढरे उरतात. म्हणून पहिली धुणी नळाच्या पाण्याने चालतील, शेवटची याच पाण्याने.

बारीक टोकाचा स्टार स्क्रूड्रायव्हर, दोन-तीन टब, चष्मा पुसायचं मऊ कापड (टॉवेल किंवा पंचा नको, त्याचे धागे सुटतात), पेन्सिल, कागदाच्या चिठ्ठ्या आणि द्राक्षाचे जाळीदार प्लास्टिकचे क्रेट. क्रेट तर आपल्या जिल्ह्यात कुणाच्याही शेतावर मिळतील. पाणी निथळायला आणि हवा खेळायला त्याच्याइतकी चांगली वस्तू नाही.

आणि एक-दोन जुन्या, कोरड्या, नको असलेल्या व्हीएचएस कॅसेट. त्यांचं बाहेरचं कवच आपल्याला लागणार आहे.

धुणं

कॅसेट बादलीतून काढायच्या आधी फोनवर तिचा फोटो घ्या. लेबल हमखास सुटतं आणि एकदा सुटलं की चाळीस सारख्या काळ्या डब्यांत अण्णांची एकसष्टी कोणती आणि कोरी कोणती हे कळत नाही. प्रत्येकीला नंबर द्या, तो पेन्सिलीने चिठ्ठीवर लिहा आणि चिठ्ठी कॅसेटच्या सोबत फिरवा. पेनाची शाई पाण्यात उतरते, पेन्सिल उतरत नाही. लेबलाचा कागद फेकू नका. तो वेगळा वाळवा, तारीख बहुधा त्याच्यावरच असते.

आता बंद कॅसेट बाहेरून धुवून घ्या. मग ती उपडी करा. व्हीएचएसच्या खालच्या बाजूला पाच स्क्रू दिसतील. ते काढा, दोन्ही भाग हाताने धरून ठेवत कॅसेट पुन्हा सुलटी करा आणि मग वरचं झाकण सावकाश उचला. उपडी असतानाच उघडली तर आतलं सगळं अंगावर येतं.

झाकण उघडल्यावर लगेच हात घालू नका. आधी फोटो काढा. दोन रिळं, त्यांच्यामधून पुढच्या कडेने गेलेली टेप, वळणावरच्या छोट्या पिना आणि रोलर, मागच्या बाजूला रिळं अडवून धरणारे दोन प्लास्टिकचे ब्रेक आणि त्यांची स्प्रिंग. टेप कोणत्या पिनेच्या बाहेरून आणि कोणत्या पिनेच्या आतून जाते हे फोटोत स्पष्ट दिसलं पाहिजे. परत बसवताना हाच फोटो उपयोगी पडतो. कवचाच्या तळाशी तुम्हाला खिरीसारखा करडा गाळ साचलेला दिसेल. टेप पुढे जिथे कापडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीला घासून जाते तिथे तो सगळ्यात जास्त असतो. अशी कॅसेट यंत्रात घातली की हाच गाळ हेडवर, म्हणजे ड्रमवरच्या चित्र वाचणाऱ्या टोकावर, जातो.

दोन्ही रिळं दोन हातांनी एकदम उचला, मधली टेप लोंबू देऊ नका. बोटं रिळांच्या चकत्यांच्या कडेला ठेवा, टेपच्या पृष्ठभागाला लावू नका. टबातल्या स्वच्छ पाण्यात रिळं बुडवून हलकेच डुलवा. टेप आणि चकत्यांच्या मधून पाणी आत-बाहेर होतं आणि गाळाचे ढग सुटताना दिसतात. चोळू नका, ब्रश लावू नका, नळाची धार सोडू नका. साबण नको. पाणी गढूळ झालं की बदला. माझ्या अनुभवात चौथ्या-पाचव्या पाण्याला टब स्वच्छ राहतो. मग शेवटचं बुडवणं डिस्टिल्ड वॉटरमध्ये, दोनदा.

टेप उलगडून धुवायचा मोह होईल. तो आवरा. १८० मिनिटांच्या व्हीएचएस कॅसेटमध्ये सुमारे अडीचशे मीटर टेप असते. ती एकदा जमिनीवर आली की पुन्हा सरळ गुंडाळली जात नाही.

वाळवणं

रिळं क्रेटमध्ये कडेवर उभी करा, म्हणजे पाणी खाली निथळेल. आडवी ठेवली तर खालच्या चकतीत पाणी साचून राहतं. खोलीत पंखा चालू ठेवा, पण त्याचा झोत थेट रिळांवर नको. धूळ उडते आणि सुटी टेप फडफडते. ऑगस्टमधली आपली हवा दमट असते, नुसत्या पंख्याने आठवडा जातो. कुणाकडे एसी असेल तर त्याच्या ड्राय मोडवर खोली ठेवा; दोन दिवसांत फरक कळतो. पूर न आलेल्या भागात, विश्रामबागला किंवा मिरजेत, नातेवाइकांची एक खोली चार दिवस मागून घ्यायलाही हरकत नाही. पूर आलेल्या घरात भिंतीच ओल्या असतात, तिथे काहीच नीट वाळत नाही.

बाहेरून कोरडं दिसलं तरी वेढ्यांच्या आत ओल असते. २००५ मध्ये मी चुकलो ते इथेच. म्हणून तीन-चार दिवसांनी रिळं कोरड्या कवचात बसवा, फोटो बघून टेप पिनांमधून ओवा, झाकण लावा. कॅसेटच्या एका कडेला छोटं बटण असतं, ते दाबलं की पुढची झडप उघडते. खाली मध्यभागी एक भोक असतं, त्यात पेन्सिलीचं बोथट टोक घातलं की ब्रेक सुटतात आणि रीळ हाताने फिरू लागतं. मऊ कापडाची घडी टेपला अलगद लावून धरा आणि दुसऱ्या हाताने रीळ सावकाश फिरवत सगळी टेप एका बाजूला न्या. कापडावर सुरुवातीला करडा पट्टा उमटेल. घडी बदलत राहा. एक दिवस थांबून तशीच उलट बाजूला न्या. दुसऱ्या फेरीत कापड जवळपास स्वच्छ निघालं की समजा काम झालं. एका कॅसेटला तासाच्या वर वेळ जातो. घरातल्या मोठ्या मुलांना बसवा, त्यांचा हात स्थिर असतो.

फिरवताना कुठे ओढ लागली, "चर्र" असा सुटण्याचा आवाज आला, तर तिथेच थांबा. जबरदस्तीने ओढलं की लेप निघतो, आणि निघालेल्या लेपाबरोबर चित्रही जातं. अशी कॅसेट बाजूला काढून जाणकाराकडे द्या.

बुरशी आली असेल, म्हणजे कडेवर पांढरी लव दिसत असेल, तर ती कॅसेट इतरांपासून लगेच वेगळी करा. दमट हवेत दोन दिवसांत बुरशी धरते. मास्क लावून, घराबाहेर, पूर्ण वाळल्यावरच ती कापडाने टिपा. ओली बुरशी पुसली तर पसरते.

पहिल्यांदा लावताना

पुरात भिजलेला व्हीसीआर वापरायचा नाही, त्याची पिन सॉकेटमध्ये घालायचीही नाही. चालू स्थितीतला जुना व्हीसीआर शोधा. नवे आता बनत नाहीत, शेवटच्या कंपनीने २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. आधी त्यात एखादी टाकाऊ कॅसेट लावून तो टेप चावत नाही ना ते बघा.

ड्रम आणि हेड साफ करायला आयसोप्रोपिल अल्कोहोल लागतं, मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात ते. कापडाला ते लावून ड्रमवर स्थिर धरा आणि ड्रम हाताने फिरवा. कापड वर-खाली घासू नका, हेडचं टोक तुटतं. प्रत्येक कॅसेटनंतर ही सफाई करायचीच.

मग एक महत्त्वाचं: नुसती बघायला म्हणून कॅसेट लावू नका. रेकॉर्डिंगची जोडणी आधी तयार ठेवा आणि पहिलंच प्ले कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. वाचवलेली टेप दुसऱ्यांदा तितकीच चांगली लागेल याची खात्री नसते. मध्ये पॉज नाही, फास्ट फॉरवर्ड नाही. पडद्यावर मुंग्या वाढत गेल्या की हेड भरलंय. थांबा, साफ करा, तिथून पुढे घ्या. कोपऱ्यात चार-पाच वर्षांची मुलं दिसली, आई तरुण दिसली की घरातले सगळे "मागे घे, मागे घे" म्हणतात. मागे घ्यायचं ते कॉम्प्युटरवर, कॅसेटवर नाही.

आपल्याकडच्या कॅसेट पॅल या टीव्ही पद्धतीच्या असतात. कॅप्चरच्या सॉफ्टवेअरमध्ये पॅल, ७२० गुणिले ५७६, सेकंदाला २५ फ्रेम असं निवडा. पुष्कळ स्वस्त उपकरणं आपोआप अमेरिकन पद्धतीवर येतात आणि मग चित्र काळंपांढरं किंवा उड्या मारणारं येतं. लोकांना वाटतं, पुराने रंग गेले. मिनी डीव्ही शक्य असेल तर फायरवायरने (कॅमेरा कॉम्प्युटरला जोडायच्या जुन्या डिजिटल केबलने) घ्या. त्यात मूळ आकडे जसेच्या तसे उतरतात आणि तासाला सुमारे १३ जीबी जागा लागते.

दुकानात देणार असाल तर आधी एकच कॅसेट द्या. कॅसेट उघडून साफ करता का, मूळ फाइल देता का, कॅसेट परत देणार का, हे तीन प्रश्न विचारा. ओळखीच्या एकांनी कॅसेटची अख्खी पिशवी न विचारता दिली होती. दुकानाने सगळ्या ओल्याच लावून बघितल्या आणि "खराब आहेत" म्हणून परत केल्या. तोवर त्या खरोखरच खराब झाल्या होत्या.

कॅसेटशिवायचं

सीडी-डीव्हीडी सोप्या. साध्या पाण्याने धुवा, मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल पुसू नका. घरी रेकॉर्ड केलेल्या चकत्यांवर रंगद्रव्याचा थर असतो, तो उन्हाने जातो. सीडीची छापील बाजू जास्त नाजूक, नखाने लेबल खरवडू नका.

हार्ड डिस्क भिजली असेल तर ती चालू करू नका, उघडूही नका. ओलसरच ठेवून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडे पाठवा. खर्च बराच येतो, पण एकदा चालू करून बघितलेली डिस्क पुष्कळदा त्यांच्याही हातून जाते.

क्वचित कुणाकडे आजोबांच्या काळातली आठ मिलिमीटरची फिल्म निघते. हिच्यावरचा थर जिलेटिनचा असतो, भिजला की फुगून सायीसारखा मऊ होतो. बोट लागलं तरी चित्र निघून येतं आणि रिळावरच वाळू दिली तर वेढे एकमेकांना कायमचे चिकटतात. ही घरी करायची गोष्ट नाही. थंड पाण्याच्या झाकणबंद डब्यात बुडवून ठेवा आणि लवकरात लवकर मुंबईत फिल्मचं काम करणाऱ्या लॅबमध्ये पोचवा.

नंतर

फाइलच्या तीन प्रती करा. एक घरात वरच्या मजल्यावर आणि एक नदीपासून लांब, पुण्याच्या भावाकडे म्हणा. मूळ कॅसेट टाकू नका. मागच्या कडेची छोटी प्लास्टिकची जीभ मोडून टाका म्हणजे त्यावर चुकून रेकॉर्डिंग होणार नाही. टेप पूर्ण एका बाजूला गुंडाळून पुस्तकासारखी उभी ठेवा. गेल्या पुराची रेघ भिंतीवर अजून दिसत असेल, तिच्याहून बरंच वर.

आणि फाइल तयार झाली की घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला शेजारी बसवून ती एकदा पूर्ण बघा, हातात वही घेऊन. लेबलं वाहून गेलेली असतात आणि चेहरे ओळखणारी माणसं आता थोडी उरलीत. मी आईबरोबर बसलो तेव्हा तिने चौदाव्या मिनिटाला टीव्हीकडे बोट दाखवून मला थांबवलं. वहीत तशीच नोंद आहे: "१४:२०, अंतरपाट धरलेला डावीकडचा, आईचा धाकटा मामा. मागे निळ्या लुगड्यात उभी ती त्याची आई. हिचा दुसरा फोटो कुणाकडेच नाही."